एकाच शेंड्याची कोरफड : अॅलो फेरॉक्स ओळखण्यापासून बी रुजवण्यापर्यंत

दारावर उलटी टांगलेली कोरफड मातीपाण्याशिवाय महिनोन्महिने तग धरते, हे आपल्याकडे सगळ्यांनी पाहिलेलं आहे. कुंडीत लावली तर तिला भराभर पिल्लं फुटतात आणि ती काढून शेजारीपाजारी वाटताही येतात. या सवयीने दक्षिण आफ्रिकेच्या रानातल्या अॅलो फेरॉक्सकडे पाहिलं, तर पहिल्याच पावलाला चूक होते. तिला पिल्लं फुटत नाहीत. एक खोड, त्याला एक शेंडा, आणि पुढची पिढी फक्त बियांतून. शेंडा सडला की झाड बहुतेक संपलंच. ही झाडं ओळखताना, पानं काढताना किंवा बी पेरताना जी काळजी घ्यायची, तिचं कारण शेवटी या एका गोष्टीपाशी येतं.

मूळ घर

इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ फिलिप मिलर यांनी १७६८ साली या जातीला अॅलो फेरॉक्स हे नाव दिलं. लॅटिनमध्ये फेरॉक्स म्हणजे उग्र, हिंस्र. कोवळ्या रोपाच्या पानावर दोन्ही बाजूंनी उठलेले काटे पाहिले की नाव पटतं. आफ्रिकान्स भाषेत तिला ‘बिटरआल्वेइन’ म्हणजे कडू कोरफड म्हणतात, खोसा भाषेत ‘इखाला’. कूळ आपल्या कोरफडीचंच, अॅस्फोडेलेसी. गुणसूत्रंही तितकीच, १४. त्यांतली ८ लांब आणि ६ आखूड. हा साचा कोरफडीच्या जवळजवळ सगळ्या जातींत सापडतो. जातींमध्ये संकर इतक्या सहज होतात, त्यामागे हेही एक कारण आहे, आणि बी विकत घेताना त्याचा त्रास होतो.

पश्चिम केप प्रांतातल्या स्वेलेंडमच्या परिसरापासून पूर्व केप ओलांडून क्वाझुलू-नातालच्या दक्षिण भागापर्यंत ती पसरलेली आहे. फ्री स्टेट आणि लेसोथोच्या दक्षिण कडांनाही आढळते. खडकाळ उतार, गवताळ डोंगर, कारूच्या रखरखीत पट्ट्याची कड, अशा जागा तिला मानवतात. या पट्ट्याच्या पश्चिम टोकाला हिवाळ्यातही पाऊस पडतो, पूर्वेकडे तो मुख्यतः उन्हाळ्यात. त्यामुळे बी मागवताना ते कुठल्या भागातलं आहे हे विचारून घ्यावं. महाराष्ट्रासाठी पूर्व केपच्या उन्हाळी पावसाच्या भागातलं बी पसंत करावं. उकाडा आणि पाऊस एकत्र सोसायची त्या झाडांना पिढ्यान्‌पिढ्यांची सवय असते.

ओळख पटवताना

आधी लांबून पाहा. खोड एकच, सरळ, फांदी नाही. उंची साधारण २ ते ३ मीटर, क्वचित ५ मीटरपर्यंत. वर पानांचा एकच मोठा झुबका आणि त्याखाली जमिनीपर्यंत लोंबणारा वाळलेल्या पानांचा झगा. झाड बुंध्यापासून फांद्या फुटून झुडपासारखं पसरलं असेल तर ती बहुधा अॅलो आर्बोरेसेन्स आहे. फेरॉक्सला क्वचित फांदी दिसते, पण तिथे शेंड्याला कधीतरी इजा झालेली असते. खोडावर त्याची जुनी खूण शोधावी.

मग पान. पूर्ण वाढलेल्या झाडावर ५० ते ६० पानं असतात. एकेक पान मीटरभर लांब, बुडाशी १५ सेंटिमीटरपर्यंत रुंद, फिक्या हिरव्यापासून निळसर हिरव्यापर्यंत, आणि थंडी किंवा तहान लागली की लालसर. कडेला तांबूस तपकिरी काटे असतात. पानाच्या पाठीपोटावर काटे आहेत की नाहीत, यावरून मात्र जात ठरवू नये. लहान रोपावर ते भरपूर असतात आणि झाड उंच होत जातं तसे नव्या पानांवर कमी होतात. कोवळी पानं गुरं-शेळ्यांच्या तोंडाच्या टप्प्यात असतात, उंचावरची नसतात, हा त्याचा सरळ अर्थ. याच काट्यांमुळे उत्तरेकडच्या अॅलो मार्लोथीचं लहान रोप आणि फेरॉक्सचं लहान रोप शेजारी ठेवलं तर भलेभले चुकतात. कुंडीवरच्या चिठ्ठीवर विसंबू नये. खरी ओळख फुलोऱ्यात पटते.

फुलोरा मे ते ऑगस्टच्या दरम्यान, म्हणजे तिकडच्या हिवाळ्यात येतो. अति थंड भागात तो वसंतापर्यंत लांबतो. एका दांड्याला ५ ते ८ फाटे फुटतात आणि प्रत्येक फाट्यावर पेटत्या पलित्यासारखा उभा, गच्च तुरा असतो. रंग शेंदरी-लाल, कधी पिवळसर, क्वचित पांढरा. तुरे उभे असतील तर फेरॉक्स. आडवे किंवा तिरके कललेले असतील तर मार्लोथी. अॅलो आफ्रिकानाची पिवळी-नारिंगी फुलं टोकाशी वर वळलेली असतात, आणि अॅलो स्पेसिओझाचा पानांचा झुबकाच एका बाजूला कललेला असतो. दोन जाती जवळजवळ वाढतात तिथे मधल्याच रूपाची संकरित झाडंही सापडतात. अशा झाडाला ओढूनताणून एका जातीत बसवू नये; टिपणात संकर असंच लिहावं.

एक फूल उघडून

तुऱ्यातली फुलं खालून वर उमलत जातात. मधल्या उंचीवरचं, नुकतं तोंड उघडलेलं फूल घ्या आणि धारदार पात्याने उभं चिरा. सुमारे ३ सेंटिमीटर लांबीची नळी दिसेल. तिच्या सहा पाकळ्यांपैकी आतल्या तिघींची टोकं गडद तपकिरी असतात. सहा पुंकेसर नळीच्या बाहेर चांगले लांब डोकावतात. बुडाशी हिरवट बीजकोश असतो. तो आडवा कापला की तीन कप्पे आणि प्रत्येकात दोन ओळींत मांडलेली बीजांडं दिसतात. मध याच कप्प्यांच्या भिंतींतून पाझरतो आणि नळीच्या तळाशी साठतो.

हा मध पातळ असतो पण भरपूर असतो. लांब, बाकदार चोचीचा सूर्यपक्षी त्यावर येतोच. पण परागांची मोठी ने-आण करतात ते बुलबुल, सुगरणींसारखे आखूड चोचीचे पक्षी. ते तोंड खुपसून मध पितात तेव्हा बाहेर आलेल्या पुंकेसरांवर त्यांचा चेहराच घासला जातो. मधमाश्याही पराग गोळा करायला येतात.

आता बागेतल्या कामाचं. फुलात आधी परागकोश पिकून फुटतात, मग ते आक्रसतात आणि त्यानंतर कुक्षी, म्हणजे पराग झेलणारं स्त्रीकेसराचं टोक, बाहेर येऊन ओलसर होते. स्वतःच्याच परागाने कोरफडीच्या बहुतेक जातींत बी धरत नाही, फेरॉक्समध्येही त्यावर विसंबता येत नाही. म्हणून बियांसाठी वेगवेगळ्या बियांतून वाढलेली निदान दोन झाडं एकाच वेळी फुललेली हवीत. सकाळी एका झाडाच्या वरच्या, ताज्या फुलांतला नारिंगी पराग मऊ कोरड्या कुंचल्यावर घ्यावा आणि दुसऱ्या झाडाच्या तुऱ्यात जरा खाली, जिथे कुक्षी बाहेर आलेली आहे तिथे टेकवावा. दोन दिवस हेच पुन्हा करावं. फुलाच्या देठाला रंगीत दोरा बांधला की पुढे हिशेब लागतो. जवळपास दुसरी एखादी कोरफड फुललेली असेल तर त्या तुऱ्याला फुलं उमलण्याआधीच मलमलीची पिशवी घालावी.

वाळलेल्या पानांचा झगा काढू नका

बागेत आणलेल्या झाडाची पहिली हजामत या वाळक्या पानांची होते. ती अस्वच्छ दिसतात म्हणून सोलून काढली जातात, आणि झाडाचं यापेक्षा मोठं नुकसान क्वचितच होत असेल. तिच्या मूळ प्रदेशात वणवे पेटतात. दक्षिण आफ्रिकेतले परिसंस्था-अभ्यासक विल्यम बाँड यांनी १९८३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवलं, की वाळलेली पानं काढून टाकलेली झाडं आगीनंतर जास्त मरतात. झगा शाबूत असलेली पुष्कळ वाचतात. खोडात जिवंत, पाणीदार पेशी असतात. वाळक्या पानांचा जाड थर ती उष्णता खोडापर्यंत पोचू देत नाही.

महाराष्ट्रातल्या बागेत वणवा नसला तरी एप्रिल-मेचं ऊन आहेच, आणि उघड्या कोवळ्या खोडावर उन्हाचे चट्टे पडतात. कीड बघायची असेल तर झगा हाताने उचलून बघावा आणि पुन्हा सोडावा. पान आपोआप गळून हातात आलं तरच काढायचं.

पान कापलं की काय निघतं

एक पान बुडाशी कापून उभं धरा. सालीच्या आतल्या कडेने, जिथे शिरांची रांग असते तिथून, मधासारखे पिवळे थेंब उमटू लागतात. हा चीक. मधला भाग काचेसारखा पारदर्शक, तो गर. चिकात अॅलोईन असतं, ते जहाल कडू आणि रेचक. गर जवळजवळ पाणीच, कडूपणा नाममात्र. वापर कुठलाही असो, हे दोन आधी वेगळे करायचे. पान अर्धा-एक तास कापलेली बाजू खाली करून उभं ठेवावं, मग साल जाड काढावी, गर वाहत्या पाण्यात धुवावा. पातळ साल काढली की शिरांची रांग गराला चिकटून राहते आणि सगळं कडू होतं. पश्चिम केपमध्ये या सोललेल्या पानांचा मुरंबा करतात, तेव्हाही आधी कडूपणा काढतात.

चीक गोळा करायची तिकडची रीत दोनशे वर्षांहून जुनी आहे. मोसेल बे आणि अल्बर्टिनियाच्या आसपास ती आजही चालते. जमिनीत उथळ खळगा करतात. त्यात पूर्वी कातडं अंथरत, आता प्लास्टिक. झाडाच्या खालच्या बाजूची जून पानं तेवढी विळ्याने कापतात आणि कापलेली टोकं आत, खळग्यावर येतील अशी गोल रचतात. एका ढिगात दोनशेच्या आसपास पानं बसतात. काही तासांत चीक आपोआप निथळतो. पानं पिळत नाहीत, कारण पिळलं की गराचं पाणी मिसळतं आणि आटवायला जास्त इंधन लागतं. मग तो पिंपात तासन्‌तास उकळतात. घट्ट झाला की डब्यात ओततात आणि थंड झाल्यावर त्याचा काळपट तपकिरी, काचेसारखा फुटणारा गोळा होतो.

वरची कोवळी पानं आणि खालचा वाळका झगा, दोन्ही सोडायचे. मधली जून पानं तेवढी घ्यायची. हावरटपणाने वरपर्यंत पानं काढली तर शेंडा उघडा पडतो, पुढच्या हंगामातला फुलोरा बुडतो, म्हणजे बीही बुडतं. एकदा कापलेल्या झाडाला पुन्हा पानं भरेपर्यंत किमान एक वर्ष हात लावू नये.

काळा बोळ आणि हिराबोळ

हाच आटवलेला चीक म्हणजे आपल्या काष्ठौषधींच्या दुकानातला काळा बोळ, एळिया. तो केपचाच असतो असं नाही. साध्या कोरफडीपासूनही तो होतो, आणि काठियावाडातल्या जाफराबादचा बोळ एके काळी बाजारात नावाजलेला होता. युरोपीय औषधसंहितेत केपच्या बोळात रेचक घटक किमान १८ टक्के हवेत आणि साध्या कोरफडीच्या, म्हणजे बार्बाडोस बोळात किमान २८ टक्के. दोन्ही बोळ दिसायला सारखे असले तरी मात्रा सारखी नसते.

याहून मोठा घोटाळा नावाचा होतो. बाळंतिणीसाठी हिराबोळ आणायला गेलेला माणूस नुसतं ‘बोळ’ म्हणाला आणि पुडीत काळा बोळ आला, तर ते धोक्याचं आहे. हिराबोळ हा गुग्गुळाच्या जातभाईचा सुगंधी डिंक; खडे तांबूस, खरखरीत, पाण्यात चोळले की दुधाळ पाणी होतं. काळा बोळ काळपट, चकचकीत, ठिसूळ. चुरा पिवळट तपकिरी, आणि कणभर जिभेला लावला तरी कडूपणा बराच वेळ जात नाही. काळा बोळ पोटात मुरडा आणणारा तीव्र रेचक आहे. गरोदरपणात, अंगावर पाजताना, लहान मुलांना आणि मूत्रपिंडाच्या विकारात तो देऊ नये. इतरांनीही वैद्याच्या किंवा डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय घेऊ नये. अमेरिकेत कोरफडीच्या चिकाची विनाचिठ्ठी रेचकं २००२ साली बाजारातून काढावी लागली, कारण ती सुरक्षित असल्याचा पुरेसा पुरावा पुढे आला नाही.

बी पेरण्याची तयारी

साध्या कोरफडीचा अपवाद सोडला तर कोरफडीच्या सगळ्या जाती साइट्स, म्हणजे दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराखाली येतात. फेरॉक्स त्याच्या परिशिष्ट २ मध्ये, म्हणजे व्यापारावर नियंत्रण असलेल्या जातींच्या यादीत आहे. परिशिष्ट २ मधल्या कोरफडींच्या बियांना त्या करारातून सूट आहे, जिवंत रोपांना नाही. परदेशातून बी आणताना भारताचे वनस्पती-विलगीकरणाचे नियम वेगळे लागू होतात. आयातीचा परवाना आणि निर्यातदार देशाचा रोगमुक्तीचा दाखला दोन्ही लागतात. रानातून उपटलेलं रोप कुणी देऊ केलं तर घेऊ नये.

फळ म्हणजे लांबट बोंड. ते हिरव्याचं तपकिरी होतं आणि टोकाकडून तीन फाकांत उकलतं. आतलं बी करडं-काळपट, कोनाकोनाचं, कडेला फिकट पातळ पंख. हलकी झुळूक आली तरी उडतं, म्हणून बोंड उकलायला लागण्याआधीच त्यावर कागदी पिशवी बांधावी. प्लास्टिकच्या पिशवीत बोंडं घामेजतात आणि बियांना बुरशी येते. तळहातावर बी घेऊन बोटाने दाबून बघा: मध्ये टणक गाठ लागली तर भरलेलं, नुसता पापुद्रा लागला तर पोकळ. बी ताजं असेल तितकं चांगलं. वर्ष उलटलं की उगवण घसरत जाते.

महाराष्ट्रात पेरणीचा चांगला काळ म्हणजे परतीचा पाऊस थांबल्यावर, ऑक्टोबरच्या शेवटापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत. तापमान २० ते २५ अंशांच्या आसपास असतं आणि पुढचा उन्हाळा येईपर्यंत रोपांना पाच महिने मिळतात. नागपूरकडे थंडी लवकर पडते, तिथे फेब्रुवारीत पेरलं तरी चालतं, मात्र उन्हाळ्यात सावली चोख हवी.

मिश्रण असं: नदीची जाडी वाळू २ भाग, विटांचा ३ ते ५ मिलिमीटरचा चुरा १ भाग, चाळलेलं पालापाचोळ्याचं खत १ भाग. वाळू आधी धुऊन तिच्यातला गाळ काढायचा, नाहीतर वर पापडी धरते. शेणखत नको, त्यात बुरशी आणि चिलटांच्या अळ्या दोन्ही येतात. मिश्रण ट्रेमध्ये भरून त्यावर उकळतं पाणी ओतावं आणि पूर्ण निवू द्यावं.

बिया २ सेंटिमीटर अंतराने पसरून त्यांवर जाड वाळूचा जेमतेम २-३ मिलिमीटर थर द्यावा. खोल गाडलेलं बी वर येत नाही. पाणी वरून न घालता ट्रे पाण्याच्या परातीत ठेवून खालून ओल चढू द्यावी. वर काच ठेवावी आणि रोज दहा मिनिटं काढावी. ताजं बी दोन ते चार आठवड्यांत उगवतं. पहिलं हिरवं टोक दिसलं की काच बाजूला. ती तशीच राहिली की ‘मर’ रोग येतो आणि रोपं बुडाशी सुतासारखी बारीक होऊन रात्रीत आडवी पडतात. तसं झालं तर पडलेली रोपं आजूबाजूच्या मातीसकट उचलून टाकावी, वर कोरडी वाळू पसरावी आणि दोन दिवस पाणी तोडावं.

पहिली दोन वर्षं

सुरुवातीला पानं समोरासमोर दोन ओळींत, पंख्यासारखी येतात. पुढे ती फिरत जाऊन चक्राकार झुबका होतो. पंखा दिसला म्हणून रोप चुकीचं समजू नये. पण बुडाशी पिल्लं फुटली, तर मात्र ते शुद्ध फेरॉक्स नाही, बियांत संकर आला आहे असं धरावं.

चार-पाच पानांवर रोप १० सेंटिमीटरच्या मातीच्या कुंडीत हलवावं. मुळं दुखावलेली असतात, म्हणून चार दिवस पाणी नाही. पहिल्या उन्हाळ्यात ५० टक्के सावलीची जाळी ठेवावी. दुसऱ्या थंडीत ती हळूहळू काढावी. सावलीत राहिलेलं रोप लांबट, फिकट आणि मऊ होतं, आणि असं वाढलेलं पान पुढे सुधारत नाही. खत वर्षातून एकदा, मूठभर कंपोस्ट पुरे. नत्र जास्त झालं की पानं फुगतात आणि कीड धावून येते.

खरी परीक्षा पावसाळ्याची. झुबक्याच्या मध्यात पाणी साचून उबेत मुरलं की शेंडा सडतो. कोकणात आणि घाटमाथ्यावर जून ते सप्टेंबर रोपं पारदर्शक छपराखालीच ठेवावी. देशावर, सोलापूर-अहिल्यानगरच्या कमी पावसाच्या भागात, उंचवट्यावर ती उघड्यावरही टिकू शकतात. तहान आणि सड यांतला फरक हाताने कळतो. तहानलेल्या झाडाची बाहेरची जुनी पानं पातळ होऊन आत वळतात, मधला भाग घट्ट असतो. सडलेल्या झाडाचं मधलं पान हलक्या ओढीने निघून येतं, बुडाशी चिकट असतं आणि वास मारतं. पहिल्याला पाणी द्या. दुसऱ्याला दिलं तर उरलंसुरलंही जाईल.

किडींपैकी पानाच्या बेचक्यात पिठ्या ढेकूण आणि पानाच्या पाठीवर पांढरी खवले कीड नेहमीची. मऊ ब्रशने साबणाच्या पाण्यात घासून काढावी आणि दुसऱ्या दिवशी साध्या पाण्याने धुवावं. तांबेऱ्याचे गोल, काळपट होत जाणारे डाग दमट हवेत येतात. ते पानावर कायमचे राहतात, पण झाड मरत नाही. पानावर किंवा तुऱ्यावर वेड्यावाकड्या, मांसल गाठी दिसल्या तर ते सूक्ष्म कोळ्याचं काम असतं. तो भाग चांगल्या पेशींपर्यंत कापून जाळून टाकावा आणि सुरी दर कापानंतर स्पिरिटने पुसावी, नाहीतर तोच कोळी दुसऱ्या झाडावर जातो.

जमिनीत लावताना

वीतभर उंचीचं रोप पावसाळा संपल्यावर जमिनीत लावावं. काळ्या भारी मातीत सरळ लावू नये. ती पावसात पाणी धरून ठेवते आणि मूळ गुदमरतं. ६० सेंटिमीटर लांब-रुंद आणि तितकाच खोल खड्डा घ्यावा. तळाला दगडगोटे, वर मुरूम आणि जाड वाळू, त्यात थोडं खत घालून भरावा आणि जमिनीपासून ३० सेंटिमीटर उंच वरंबा करावा. खोड मातीत जास्त गाडू नये. सर्वांत खालची पानं वरंब्यावर टेकतील इतपतच. दोन झाडांत २ मीटर अंतर ठेवावं, आणि येण्याजाण्याच्या वाटेपासूनही तितकंच, कारण पसरलेल्या पानांची टोकं लहान मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर येतात.

जागा असेल तर एकाच वेळी तीन रोपं लावावी. फुलोऱ्याला काही वर्षं लागतात, त्यात एखादं झाड पावसाळ्यात जाण्याची शक्यता धरावीच लागते. उरलेली दोन एकत्र फुलली तर बी धरेल. एकटंच उरलं तर तुरा दरवर्षी पेटेल, बुलबुल येतील, मध संपवतील, आणि बोंडात बहुतेक पोकळ पापुद्रेच सापडतील.